दाराकडे बघून सांगितलेला विनोद

सदाफुली

निवांत बाबूराव यांचा 'विनोद मेला हो' हा लेख काल वाचला. तिथेच प्रतिसाद लिहायला घेतला होता, पण खाली 'वाह काका', 'अगदी मनातलं' अशी रांग लागलेली. त्या आरतीत मध्येच शिंकायला नको म्हणून हा वेगळा धागा.

ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी: बाबूरावांच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका गृहस्थांनी स्वतःच्या बायकोच्या वजनावरून जोक टाकला. दोघी ग्रुप सोडून गेल्या, तिसरीने सरळ त्या गृहस्थांच्या बायकोला फोन लावला. सेक्रेटरींनी 'इथे फक्त पाणी, लिफ्ट आणि पार्किंग' असं फर्मान काढलं. यावरून बाबूराव म्हणतात की पूर्वीची माणसं दिलदार होती, आता सगळेच हळवे झालेत, विनोदाला विनोद म्हणून घ्या, सांगणाऱ्याच्या मनात काही नसतं.

माझं डोकं फिरलं ते या शेवटच्या वाक्यावर.

आमच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत एक वरिष्ठ जोक सांगतात. सांगतात छान, हे आधीच कबूल करते. आवाज काढतात, थांबतात कुठे, पॉज कुठे घेतात, सगळं जमतं त्यांना. कोट्यातून आलेला सर्जन आणि त्याने शिवलेली जखम हा त्यांचा ठेवणीतला. पण तो सुरू करण्याआधी ते दाराकडे बघतात. आमच्यातला एक मुलगा आरक्षणातून लागलाय, तो काउंटरवर अडकलाय ना, याची खात्री करतात. मग आवाज खाली येतो आणि जोक सुरू होतो. एकदा तो मुलगा मध्येच डबा घेऊन आत आला. जोक तिथल्या तिथे गिळला गेला. कोणी पाण्याची बाटली उघडली, कोणी मोबाइल. वरिष्ठ म्हणाले, "ये रे, बस. लोणचं घे, घरचं आहे." त्याने घेतलं. सगळे जेवले.

आता बाबूराव, मनात काही नव्हतं तर दाराकडे का बघितलं? सांगणाऱ्याला जोकचा अर्थ आपल्यापेक्षा जास्त कळत असतो. कुणासमोर सांगायचा नाही ही यादी त्याच्याकडे तयार असते. तीच त्याची ओळख. पुढचा जोक तुम्ही नाही ऐकलात तरी चालेल.

आणि ते पूर्वीच्या दिलदारपणाचं जरा पुरे करा. २०१६ मध्ये मराठा मूक मोर्चावर एका पक्षाच्या दैनिकाच्या पुरवणीत व्यंगचित्र आलं, तेव्हा कचेऱ्यांवर दगड पडले आणि पक्षप्रमुखांना माफी मागावी लागली. ज्याची त्याची कातडी आपल्यावर आलं की पातळच असते. दुसऱ्याच्या कातडीची जाडी मात्र आपण ठरवणार.

बंदी वगैरे मला नकोय. सरदारजींवरच्या विनोदांवर बंदी घाला म्हणून सर्वोच्च न्यायालयात अर्ज गेला होता, २०१७ मध्ये न्यायालयाने सांगितलं की नागरिकांनी कसं वागावं याची नैतिक नियमावली आम्ही काढू शकत नाही. ठीकच आहे. पण कायद्याने चालतं म्हणजे माणूस चांगला ठरतो असं नाही ना.

निवांत बाबूराव

ताई, एवढा मोठा धागा माझ्यावर काढलात, धन्य झालो. सौ.ला वाचून दाखवला. ती म्हणाली, "बरोबर आहे तिचं." म्हणजे घरातही विरोधी पक्षच.

आता माझं ऐका. मी बत्तीस वर्षं वर्कशॉपमध्ये काढली. आमच्याकडे कोणाला नाव नव्हतं. लंगडत चालणारा 'तैमूर', काळा तो 'डांबर', कोकणातला 'सुकट', आणि मी टकलामुळे 'विमानतळ'. तैमूर स्वतः फोनवर 'तैमूर बोलतोय' म्हणायचा. त्याच्या पोरीच्या लग्नाला सगळं वर्कशॉप राबलं, वाढप्यापासून मांडववाल्यापर्यंत. आज तुमच्या ऑफिसात सगळे एकमेकांना 'जी' लावून बोलतात आणि एकमेकांच्या पोरांची नावंही ठाऊक नसतात. यातलं दिलदार कोण, तुम्हीच सांगा.

दुसरं. २०१४ च्या डिसेंबरात वरळीला इंग्रजी झाडणाऱ्या विनोदी कलाकार पोरांनी स्टेजवर एकमेकांच्या आईबहिणी काढल्या, त्याचा व्हिडिओ तक्रारींमुळे काढावा लागला, तेव्हा तुमच्यासारखेच लोक 'अभिव्यक्ती, अभिव्यक्ती' करत होते. इंदूरला २०२१ मध्ये एक विनोदी कलाकार जोकवरच्या तक्रारीमुळे महिनाभर तुरुंगात बसला, तेव्हाही. मग सोसायटीतल्या बिचाऱ्या काकांना अभिव्यक्ती नाही का? तिकीट लावलं की कला आणि फुकट सांगितलं की गुन्हा?

पंचगंगेकाठी

बाबूराव, तैमूरनं फोनवर 'तैमूर बोलतोय' म्हटलं त्याचं कारण असं असंल की दुसरं नाव सांगितलं तर पलीकडं कळलंच नसतं. त्याला एकदा विचारायचं होतं.

पण धागाकर्तीशी पण मी पूर्ण सहमत नाही. दाराकडं बघून सांगितलेले हे सगळे चोरटे विनोद. आमच्याकडं तमाशात विनोद तोंडावर व्हायचा. पाटील पुढच्या रांगेत, फेटा बांधून, आणि सोंगाड्या त्याच्याकडं बोट दाखवून बतावणी करायचा. पाटलाला हसावंच लागायचं, नाहीतर अख्खा गाव पाटलाला हसायचा. वसंत सबनिसांचं 'विच्छा माझी पुरी करा' हे लोकनाट्य १९६५ चं. दादा कोंडके त्यात राजाच्या दरबारात उभं राहून त्या दिवशीच्या पेपरातल्या मंत्र्याला कोपरखळी मारायचे. तिथं कुणाला हसतोय आणि तो कुठं बसलाय हे उघड होतं. विनोद वाईट नसतो, भित्रा विनोद वाईट.

आत्ताचं टीव्हीवरचं बघा. चार पुरुषांना साडी नेसवायची, ओठ रंगवायचे, कंबर हलवायला लावायची, संपला विनोद. लिहायचे कष्टच नाहीत. निर्मात्याचा खर्च साडीचा तेवढा.

तिरफळ

तमाशाची पालखी खांद्यावर घेण्याआधी जरा खाली बघा. गवळणीतली मावशी कोण असते? पुरुषच ना? म्हणजे टीव्हीवर केलं तर आळशीपणा आणि फडावर केलं तर लोककला. आणि बतावणीतले सगळे विनोद पाटलावर नसायचे हो. निम्मे समोर उभ्या असलेल्या नाचणारीच्या अंगावर असायचे. ती कुठे रागावून ग्रुप सोडणार होती? तिचं पोट त्याच बोर्डावर होतं.

पंचगंगेकाठी

मावशी साडी नेसतच नाही बऱ्याच फडांत. धोतरावर उभा राहतो गडी, डोक्यावरनं उपरणं घेतो पदरासारखं, मिशा तशाच. सगळ्यांना ठाऊक असतं हा पुरुष आहे आणि ती गंमत त्यातच आहे. तो बाईची टिंगल करत नाही, कृष्णाला आणि पेंद्याला झापतो. गवळणीत सगळ्यात शहाणी तीच. बघितलाय का तमाशा कधी, का नुसतं यूट्यूबवर?

तिरफळ

आम्ही दशावतार बघत मोठे झालो. स्त्रीपार्टी काय असतो ते मला कोल्हापूरकरांनी शिकवू नये. आमच्याकडे स्त्री वेषातला नट आला की म्हाताऱ्या हात जोडतात. हसत नाहीत.

वऱ्हाडी पाहुणा

साडीवर भांडून राहिले सगळे, भाषेचं कोणी बोलून नाही राहिलं. अमरावतीहून पुण्यात आलो तेव्हा पहिल्या दिवशी मेसमध्ये तोंड उघडलं आणि अख्खं टेबल हसलं. मी फक्त 'भाजी संपून राहिली' एवढंच म्हटलं होतं. सिरियलमध्ये आमच्यासारखा बोलणारा एकतर वॉचमन, नाहीतर मोलकरणीचा नवरा. डॉक्टर वऱ्हाडीत बोलताना दाखवा मले एक. सहा महिन्यांत मी पुणेरी बोलायला शिकलो. आता घरी फोन केला की आई म्हणते, "कोण बोलून राहिलं?"

यात कोणी दाराकडे पाहत नव्हतं, ताई. तोंडावरच हसत होते. त्याचं काय?

सदाफुली

@वऱ्हाडी पाहुणा, हा मुद्दा मला अडचणीचा आहे आणि मी तो टाळणार नाहीये, फक्त विचार करून लिहिते. आपण ज्याला हसतो तो समोर बसूनही मोजणीत नसेल तर दाराकडे बघायची गरजच पडत नाही. तुमच्या मेसमध्ये तेच झालं असणार.

@बाबूराव, तिकिटाचा मुद्दा. तिकीट काढणारा काय ऐकायला चाललोय हे ठरवून जातो. सोसायटीच्या ग्रुपवर मी टाकी कधी धुणार हे बघायला येते. तिथे माझ्यासमोर माझ्याच वयाच्या, वजनाच्या बाईचा जोक येतो आणि खाली सतरा अंगठे. काकांना तुरुंगात टाका असं कोणी म्हटलं? दोघी निघून गेल्या, त्यांचा हक्क. तुम्हाला तेही सहन झालं नाही, तुम्ही हजार शब्द लिहिलेत. हळवं कोण?

मिसरूड

मी ओपन माइक करतो, म्हणजे स्टेजवर उभं राहून जोक सांगतो, पुण्यात आणि कधी मुंबईत. म्हणजे या विषयात धंद्याचा माणूस म्हणून बोलतो. आँटी आणि काका दोघंही थोडे चुकताय.

लोकांना वाटतं आम्ही वाट्टेल ते बोलतो. एक बिट, म्हणजे एका विषयावरचा जोकचा तुकडा, पाच मिनिटांचं व्हायला महिने जातात. ज्या वाक्यावर हशा येत नाही ते काढतो, ज्यावर नुसताच श्वास आत ओढल्याचा आवाज येतो ते पण बहुतेक काढतो. पण तो आवाज आणि हशा यांच्यातली रेघ आधी कळत नाही, ओलांडूनच कळते. घाबरत बसलं तर ट्रॅफिक आणि आईच्या डब्यावरच बोलत राहावं लागेल. आणि मुंबईत खारला मार्च २०२५ मध्ये काय झालं माहितीये ना? एका कलाकाराने नेत्यावर विडंबनगीत म्हटलं, कार्यकर्त्यांनी येऊन स्टुडिओ फोडला, दुसऱ्या दिवशी महापालिकेचे लोक हातोडे घेऊन हजर. त्या स्टेजवर माझ्यासारखे कितीतरी जण पहिल्यांदा उभे राहिलेत. त्यामुळे 'दुखावलो' हा शब्द ऐकला की आमच्या पोटात गोळा येतो. तुम्ही सभ्यपणे म्हणता, पुढचा माणूस खुर्ची उचलून म्हणतो.

सदाफुली

आँटी कोणाला म्हणालास?

मिसरूड

सॉरी ताई. पण बघा, लगेच दुखावलात.

सदाफुली

हा बरा होता. याला मी हसले, लिहून ठेव तुझ्या वहीत.

आणि स्टुडिओ फोडणाऱ्यांना मला जोडू नकोस. मी लोणच्याचं सांगतेय, तू हातोड्याचं.

खटपट्या

एवढी चर्चा झाली, पण एक गोष्ट सोयीस्कर विसरली गेली. ब्राह्मणांवरचे विनोद. कंजूष, भित्रे, वरणभात, दुपारी एक ते चार. हे सगळं चालतं. कोणी ग्रुप सोडत नाही. आम्ही पुणेरी पाट्यांवर स्वतःच हसतो. आणि इतरांवर काही बोललं की लगेच कायदा. २०१२ मध्ये पाठ्यपुस्तकातल्या डॉ. आंबेडकरांवरच्या एका जुन्या व्यंगचित्रावरून पुणे विद्यापीठात त्या पुस्तकाच्या सल्लागार प्राध्यापकांच्या खोलीची मोडतोड झाली, ती कोणी केली? चित्र १९४९ चं होतं, तेव्हा कोणी दगड मारले नव्हते. सहनशीलतेचा ठेका एकाच समाजाने घेतलाय.

तिरफळ

आला. म्हटलं अजून कसा आला नाही.

सहनशीलता म्हणताय तर 'घाशीराम कोतवाल' आठवतं का? डिसेंबर १९७२, पुणे. नाना फडणवीसांचं चित्रण आणि ब्राह्मणांची बदनामी यावरून एवढा गदारोळ झाला की ज्या संस्थेने नाटक बसवलं तिनेच प्रयोग बंद केले. मुलांना बाहेर पडून नवी संस्था काढावी लागली. तेव्हा वरणभातवाले हसत होते का?

खटपट्या

नाटक आणि जोक यात फरक आहे.

तिरफळ

हो, नाटकाला तालीम लागते.

खटपट्या

मुद्दा संपला की असं टोमण्यावर यायचं. तुमच्यासारख्यांमुळेच इथे लिहायची इच्छा होत नाही. मी जातोय.

निवांत बाबूराव

अहो खटपट्या, तुम्ही पण ग्रुप सोडून चाललात? म्हणजे माझ्या लेखाचा विजय झाला की पराजय, तेच कळेना.

पंचगंगेकाठी

जरा साडीवर परत येतो, कारण मला रात्री झोप लागली नाही.

गणपत पाटील. कोल्हापूरचा माणूस. तमाशापटांत नाच्या, म्हणजे बायकी हावभाव करणारा गडी, म्हटलं की तेच. टाळी वाजवून मुरका मारायची ती लकब त्यांची, आज टीव्हीवरची सगळी पोरं त्याचीच नक्कल करतात, नाव माहीत नसलं तरी. हा माणूस घरी साधा संसारी गृहस्थ. बायको, पोरंबाळं. पण लोकांनी पडद्यावरचं खरं धरलं. रस्त्यानं चालणं मुश्कील केलं. पोरांची लग्नं जमवताना काय काय ऐकावं लागलं, हे त्यांच्या 'रंग नाच्याचा' या आत्मचरित्राच्या निमित्तानं बाहेर आलं. २००८ मध्ये गेले.

माझे आजोबा त्यांचे चाहते. थेटरात त्यांच्या एंट्रीला शिट्टी मारायचे. तेच आजोबा गावातल्या एका बायकी चालीच्या पोराला बघून तीच टाळी वाजवायचे. मी लहानपणी शेजारी उभा राहून हसलोय. ते पोरगं पुढं इचलकरंजीला निघून गेलं, परत आलं नाही. आजोबा वाईट माणूस नव्हते. पण टाळी शिकवली कुणी? पडद्यानं.

तिरफळ

मग काल माझ्याशी भांडलात कशाला?

पंचगंगेकाठी

मावशीवर भांडलो. नाच्यावर नाही. दोन्ही वेगळी.

तिरफळ

वेगळी कशी? तुम्हाला जो आवडतो तो वेगळा, एवढंच. मी सांगतो काय वेगळं आहे ते. बालगंधर्वांनीही शालूच नेसला होता. त्यांच्या पदराची, दागिन्यांची नक्कल घराघरांतल्या बायकांनी केली. पुढच्या रांगेत बसणाऱ्यांनी त्यांना डोक्यावर घेतलं. तीच स्त्रीवेषातली कला तंबूत, मागास समजल्या जाणाऱ्या माणसाने केली की त्याचा 'नाच्या' झाला. म्हणजे साडीचा दोष नाहीच. बघणारा खुर्चीत बसलाय की मातीत, यावर ठरलं पूज्य कोण आणि हास्यास्पद कोण.

निवांत बाबूराव

पण त्या माणसाचं पोट त्या भूमिकेनेच भरलं ना? लोक हसले नसते तर कामच मिळालं नसतं. आम्ही हसलो ते त्याच्या कलेला. आता त्यातही आम्ही गुन्हेगार?

पंचगंगेकाठी

हसलात पडद्याकडं बघून, ठीक. लग्न मोडायला आलेल्यांनी काय कलेची समीक्षा केली होती?

निवांत बाबूराव

ते मात्र वाईटच. (हे मी मनापासून म्हणतोय, लगेच फोटो काढून ठेवू नका.)

रजा_शिल्लक

एचआरमध्ये आहे म्हणून राहवत नाही. इथे कायदा, कायदा चाललंय. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा कायदा २०१३ चा, त्यात लैंगिक सूचक शेरेबाजी येते, आणि ऑफिसच्या ग्रुपवर टाकलेला जोकही येऊ शकतो. तक्रार तीन महिन्यांत द्यावी लागते. बहुतेक बायका देत नाहीत. 'विनोद कळत नाही' हा शिक्का छळापेक्षा जास्त दिवस टिकतो.

पण दुसरी बाजूही ऐका. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर एक प्रकरण होतं. प्रशिक्षण चालू असताना सहकारी बाई सारखे केस सावरत होती. एक जण म्हणाला, तुला केस आवरायला जेसीबी लागत असेल, आणि जुन्या हिंदी गाण्याची केसांवरची ओळ गुणगुणला. कंपनीच्या समितीने त्याला दोषी धरलं. न्यायालय म्हणालं, आरोप जसेच्या तसे खरे मानले तरी हा लैंगिक छळ म्हणणं अवघड आहे.

निवांत बाबूराव

हा घ्या! खुद्द उच्च न्यायालय! सौ.ला वाचून दाखवतो आता.

रजा_शिल्लक

काका, न्यायालयाने 'छळ नाही' म्हटलं, 'जोक चांगला होता' असं म्हटलं नाही. जेसीबीचा विनोद आमच्या ऑफिसात कोणी केला तर मी त्याला छळासाठी नाही, विनोदाच्या दर्जासाठी बोलावून घेईन.

अभ्यासू_नाही

अमेरिकेतल्या थॉमस फोर्ड या मानसशास्त्रज्ञाचे यावर प्रयोग आहेत. बायकांविषयी मुळातच आकस असलेल्या पुरुषांना तसले जोक ऐकवल्यावर त्यांनी स्त्रियांच्या संस्थेला मदत देताना हात आखडता घेतला. आकस नसलेल्यांवर तसा परिणाम दिसला नाही. म्हणजे जोक द्वेष पेरत नाही, असलेल्याला मोकळीक देतो.

निवांत बाबूराव

अमेरिकेतल्या पोरांना खोलीत बसवून जोक ऐकवले आणि माझ्या वर्कशॉपचं कळलं होय. बरं.

वऱ्हाडी पाहुणा

भाषेच्या मुद्द्यावर अजून कोणी बोललं नाही. फोर्डसाहेब बोलले असतील तर सांगा.

निवांत बाबूराव

सदाफुली ताई, रात्री विचार केला. तुमच्या दाराच्या मुद्द्याला उत्तर सापडलंय.

आम्हीही दाराकडे बघायचो. रोज. आमचे एक साहेब होते, चालताना पोट आधी यायचं आणि साहेब नंतर. त्यांची नक्कल मी करायचो, आणि एक जण दारात पहाऱ्याला असायचा. आता सांगा, मी साहेबांचा द्वेष्टा का? माझ्या मनातली घाण का ती? आम्हाला तेवढंच एक सुख होतं. दाराकडे बघून सांगितलेला विनोद वाईट असं धरलं तर साहेबावर कोणी हसायचंच नाही. मग राहिलं काय नोकरीत?

सदाफुली

बाबूराव, हे तुमचं आतापर्यंतचं सगळ्यात चांगलं उत्तर आहे आणि तुमच्याच विरुद्ध जातंय.

साहेब आत आले असते तर काय झालं असतं? तुमची पाळी बदलली असती, इन्क्रिमेंट अडलं असतं. म्हणून पहारा. आमचा तो सहकारी आत आला तेव्हा वरिष्ठांचं काय बिघडणार होतं? काहीही नाही. तो त्यांना नोटीस देऊ शकत नव्हता, बदली करू शकत नव्हता. उलट त्याचाच गोपनीय अहवाल त्यांच्या हातात. तरी ते गप्प झाले. भीती नव्हती, मग काय होतं? त्यांना ठाऊक होतं की आपण जे बोलतोय ते त्याच्यासमोर बोलण्यासारखं नाही. एवढं कळत असूनही रोज सांगत होते. तुमचं 'मनात काही नसतं' कुठे बसतं यात?

मिसरूड

ताई, हे मी वापरू का? साहेबाच्या पोटाचा भाग.

निवांत बाबूराव

पोट माझ्या साहेबांचं आहे. मानधन मला.

@ताई, तुमच्या वरिष्ठांची वकिली मी करत नाही. तो माणूस मलाही आवडला नसता. पण सोसायटीतल्या काकांना आणि त्यांना एकाच दावणीला बांधू नका. काकांनी जोक बायको ग्रुपवर असताना टाकला होता. दाराकडे बघितलं नाही.

सदाफुली

मग तिने काय केलं?

निवांत बाबूराव

तिने हसण्याची बाहुली टाकली. खरं सांगायचं तर नंतर चार दिवस भाजी आणायला दिसली नाही. सौ. म्हणते काकू माहेरी गेल्यात. भाचीचं बारसं आहे म्हणून. बारसं असेलही.

तिरफळ

'असेलही' मध्ये तुमचा अख्खा लेख खाली बसला, काका.

निवांत बाबूराव

तुम्ही दशावतार बघा हो.

पंचगंगेकाठी

@तिरफळ, बालगंधर्वांचा मुद्दा मानला, पण 'तीच कला' म्हणालात ते नाही मानणार. बालगंधर्व बाई झाले, नाच्याला अर्धवट ठेवला. त्याला पूर्ण बाई होऊ दिलं असतं तर लोकांनी हात जोडले असते. पुरुषही नाही, बाईही नाही, असं मध्ये ठेवलं की हसायला मोकळे. तुमच्या दशावतारात असा मधला कोण आहे का सांगा.

तिरफळ

संकासुर आहे, दशावतारातला विनोदी राक्षस, पण तो वेगळ्याच कारणाने हसवतो. वेळ मिळाला की लिहितो, लांबलचक होईल.

वऱ्हाडी पाहुणा

संकासुर कोणत्या भाषेत बोलतो?

तिरफळ

मालवणीत. देव मात्र शुद्ध मराठीत.

वऱ्हाडी पाहुणा

हेच तर मी कालपासून सांगून राहिलो.